उघडी पाठ

३ मे

घरात भांडायला माणूस नसलं की मी लिहायला बसते. काल ओझोरियो गुरांच्या तांड्याबरोबर गेला. पुराचं पाणी ओसरलं की दर साली जातो. लोकांची गुरं हाकत रेल्वेपर्यंत न्यायची आणि थंडी सरता सरता परत यायचं. निम्मं वर्ष नवऱ्याशिवाय काढायची मला सवय आहे. पण या खेपेला भांडण अर्धवट टाकून गेला, ते मला मुळीच आवडलेलं नाही.

भांडण तेच, उंचवटा विकायचं. पुरात सगळा मुलूख पाण्याखाली जातो तेव्हा कोरडी राहते ती एवढीच जमीन, म्हणून पलीकडच्या फाझेंदाच्या, गुरांच्या त्या मोठ्या वाडीच्या, मालकाचा तिच्यावर डोळा. बाबांनी ती माझ्या नावावर केली, म्हणून माझी सही लागते. ओझोरियो म्हणतो, विकू, शहरात जाऊ, म्हातारपणी दिव्याखाली बसू. मी म्हटलं, माझ्या पोरीला कोण नेणार शहरात? आमची अना अंजिराखाली आहे. चालायलाही लागली नव्हती. त्यावर तो घोड्यावर चढला.

आज रागारागाने सगळं घर झाडलं. दाराजवळच्या खुंटीवर बाबांचा हाकेचा भोपळा असायचा. तोंडाला कातडं ताणलेलं, मधोमध घोड्याच्या केसांची दोरी. मेण लावून दोरी ओढली की थेट जग्वारची हाक निघायची आणि जग्वार चालत यायचा. पुरात त्याला वाळवी लागली म्हणून ओझोरियोने जाळला. मला न विचारता. खुंटी रिकामी दिसली की अजून राग येतो.

बाबा हाक द्यायचे तेव्हा त्यांच्या पाठीला पाठ लावून बंदूक घेऊन मी उभी राहायची. परकर घालायच्या वयापासून. ते म्हणायचे, हाक देणाऱ्याला समोरचंच ऐकू येतं, म्हणून पाठ उघडी टाकून कधी हाक द्यायची नाही. मी बाबांची पाठ होते. ओझोरियो गुराखी माणूस, त्याला यातलं काही येत नाही.

९ मे

आज तिन्हीसांजेला लव्हाळ्यातून हाक आली.

बाबांच्या घरात सूर्य कलल्यावर त्याचं नाव घ्यायची रीत नव्हती, 'ठिपक्या' म्हणायचे. मीही तेच लिहिते. करवतीने ओंडका कापावा तशी त्याची हाक, घर्र घर्र घर्र, आणि शेवटी एक बारीक खस्स. हा शेवटचा खस्स मी आजवर कुठल्या ठिपक्याच्या तोंडून ऐकला नव्हता. म्हातारा असेल, नाहीतर छातीत काही असेल. बाबाही शेवटी शेवटी असेच खोकायचे.

मी दार लावून आडणा घातला. हाक आली की बाईने बाहेर पडायचं नाही, असं ओझोरियोने जाताना शंभरदा बजावलंय. पिंगाला मात्र काय झालं होतं कळेना. एरवी ठिपक्याचा नुसता वास आला तरी ही कुत्री पलंगाखाली घुसते. आज दोरीला हिसडे देत होती, शेपूट हलवत होती, कुंईकुंई करून मला दार उघडायला सांगत होती. दारूचं नाव ठेवलंय ओझोरियोने तिला, वागतेही तशीच. म्हातारी झाली, अक्कल गेली.

१० मे

कपाळावर पांढरा डाग असलेलं वासरू गेलं. लव्हाळ्याच्या कडेला सापडलं. गळा फाडलेला, बाकी अंगाला दात नाही.

फिर्मिनोला बोलावणं धाडलं. अनाला बाप्तिस्म्याला त्याने हातात धरलं होतं, म्हणून तो आमचा कोंपाद्रे आणि मी त्याची कोमाद्रे. पोर राहिली नाही, नातं राहिलं. या भागात त्याच्याइतके ठिपके कोणी मारलेले नाहीत. त्याने वासराची मान चाचपली, गळा पाहिला, आजूबाजूचा चिखल पाहिला. मग खोगिराला लटकवलेला शिंगाचा पेला काढून माते, म्हणजे पाल्याचा थंड कडू काढा, ओढत बसला. माझा धीर सुटला, मी विचारलं.

"ठिपक्या एवढा नीटनेटका नसतो, कोमाद्रे," तो म्हणाला.

म्हणजे काय, विचारलं तर म्हणाला, बघू. हा माणूस तरुण असल्यापासून असाच आहे. त्याच्या तोंडातून शब्द काढण्यापेक्षा रेड्याचं दूध काढणं सोपं.

१८ मे

बोटीतून साबण-सुया विकणारा फेरीवाला आला होता. ओझोरियोचा निरोप आणला. पांढऱ्या डागाचं वासरू गेलं हे ऐकून वाईट वाटलं, एकटीने राहू नकोस, अजून विचार कर, मी काय तुझा वैरी आहे का.

मला भरून आलं. भांडतो, पण जीव आहे त्याचा. बातम्या कशा पोचतात कोण जाणे. तांडा तर एव्हाना नदीपलीकडे गेला असेल, आणि मी फिर्मिनोवाचून कोणाला सांगितलंही नव्हतं. त्यानेच कुणापाशी तोंड उघडलं असेल. उघडलं असेल तर आश्चर्यच.

संध्याकाळी पुन्हा हाक. पुन्हा शेवटी तो खस्स. पुन्हा पिंगाचा तोच वेडेपणा.

२३ मे

आणखी एक वासरू. या वेळी सांगाडाही नाही, नुसता फरपटल्याचा माग आणि तोही पाण्यात गेलेला.

आता ठिपक्या मारायचाच, मी फिर्मिनोला सांगितलं. तो आढेवेढे घ्यायला लागला. तळ्याच्या वरच्या अंगाला एक मादी आहे, ती बरीच वर्षं आहे, तिने कोणाच्या गुराला तोंड लावलेलं नाही, आणि हे काम तिचं नाही. मग कोणाचं? तो घोड्याचा पट्टा आवळायला लागला. मी संतापले. बोलू नये ते बोलले. म्हटलं, कोंपाद्रे, हात कापायला लागले असतील तर तसं सांगा, मी दुसरा माणूस बघते. त्याचा चेहरा उतरला. उद्या कुत्री घेऊन येतो म्हणाला.

२५ मे

मारली.

फिर्मिनोच्या कुत्र्यांनी तिला झाडावर चढवलं आणि त्याने एका गोळीत पाडलं. मी मागून पोचले तेव्हा ती पालापाचोळ्यात पडली होती, झोपल्यासारखी. एवढी देखणी की मला मान वळवावीशी वाटली. आचळं ओली होती. फिर्मिनोने तिचं पोट फाडलं. कापिबारांचे, त्या मोठ्या पाणउंदरांचे, केस निघाले, मगरीच्या पिल्लाची खवलं निघाली. वासराचा एक केस नाही.

त्याने सुरी गवताला पुसली आणि माझ्याकडे न बघता घरी गेला. जेवायलाही थांबला नाही. मी भात आणि सुकवलेलं मांस करून ठेवलं होतं, ते सगळं पिंगाने खाल्लं.

तिची पिल्लं कुठेतरी असतील. मला हे लिहवत नाही.

२ जून

काल तिन्हीसांजेला पुन्हा हाक आली. ती मेली, आणि हाक आहेच. तोच खस्स. म्हणजे हा नर. म्हणजे मी उगाच तिचा जीव घेतला.

सकाळी फिर्मिनो आला. मी सांगितलं तसा घोड्यावरूनच म्हणाला, "पुढच्या खेपेला पिंगाला सोडा, कोमाद्रे."

कुत्रं म्हणजे ठिपक्याचा लाडका घास, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी म्हटलं, तुम्हाला वेड लागलंय का? तो म्हणाला, लागलं असेल. मग जाता जाता म्हणाला, मादी गेल्यापासून खरा नर तिला शोधत फिरतोय, तळ्याच्या उत्तरेला त्याचे पंजे पाहिले, जपून असा. खरा नर म्हणे. मग हा रोज ओरडतो तो काय खोटा?

माणसं म्हातारी झाली की अशी कोड्यात बोलतात.

८ जून

ओझोरियो आला! तांड्यातून रजा काढून, मुद्दाम माझ्यासाठी. पिंगाने एवढा धिंगाणा घातला की त्याची टोपी चिखलात पडली. त्याने खिशातून गुळाचा खडा काढून तिला भरवला, नेहमीसारखा. माणसांपेक्षा तिचेच लाड जास्त.

तब्येत चांगली दिसते. तांड्यावरून येतो तेव्हा नखांत माती आणि अंगाला घामाचा वास असतो, या वेळी स्वच्छ. सदऱ्याच्या गुंड्या लाल दोऱ्याने शिवलेल्या. माझ्या घरात लाल दोरा नाही. विचारलं तर म्हणाला, तांड्यावरच्या आचाऱ्याने शिवल्या. बरा आचारी मिळालाय, शिवणही येतं त्याला.

११ जून

तो घरात असल्यापासून एकही हाक नाही. मी म्हटलं, घरात पुरुष माणूस आहे हे ठिपक्याला कळतं बघ. तो हसला आणि म्हणाला, म्हणूनच सांगतो, एकटी राहू नकोस.

या वेळी चिडला नाही, आवाज चढवला नाही. अंजिराखाली माझ्याशेजारी बसला, पाचोळा दूर केला, अनाच्या क्रूसाला नवी काठी बांधली. म्हणाला, आपण तिच्यासाठी शहरातल्या चर्चमध्ये मिस्सा म्हणवू, दर वर्षी. माझा हात हातात घेतला. कित्येक वर्षांत घेतला नव्हता.

मी शब्द दिला. संत जुआवांच्या सणापर्यंत, म्हणजे चोवीस तारखेपर्यंत, आणखी एक जरी जनावर गेलं तर मी सही करीन. फाझेंदाचा मुकादम त्या दिवशी कागद घेऊन येईल. ओझोरियोने माझ्या कपाळाचा मुका घेतला.

आता गोठा झाडताना तो गुणगुणत होता. नवीनच चाल आहे, हळू, हेलकावे खात जाणारी, लहान मुलाला झोपवताना म्हणतात तशी. म्हटलं, हे कुठून शिकलास? म्हणाला, रात्री गुरं बिचकू नयेत म्हणून तांड्यावर म्हणतो. अनाच्या वेळी त्याला एकही अंगाई येत नव्हती.

१३ जून

गेला परत. घर खायला उठतं.

१६ जून

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मीच माझ्यावर विश्वास ठेवायची नाही.

काल तिन्हीसांजेला हाक आली. पिंगा पुन्हा दोरीला झटायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला फिर्मिनोचं बोलणं आठवलं. मनात म्हटलं, जा बाई, मरायचंच असेल तर जा, आणि दार किलकिलं करून दोरी सोडली. ती बाणासारखी लव्हाळ्यात गेली. घर्र, घर्र, आणि हाक मध्येच तुटली.

ठिपक्या हाक मध्येच तोडत नाही. मी कानात प्राण आणून उभी होते. कुत्रीची किंकाळी नाही, झटापट नाही. बऱ्याच वेळाने पिंगा दुडक्या चालीने परत आली. अंगावर ओरखडा नाही. माझ्या मांडीवर तोंड ठेवलं आणि जिभल्या चाटत राहिली. मी तिच्या मिशांवरून हात फिरवला तर बोटं चिकट झाली. बोट चाटून पाहिलं.

गूळ.

ठिपक्या गूळ भरवत नाही.

मी तशीच जमिनीवर बसून राहिले. मग एकेक गोष्ट आपल्या पायांनी चालत आली. तो खस्स बाबांच्या छातीतला नव्हताच, बाबांच्या भोपळ्यातला होता. एका पुरात भोपळा तडकला होता आणि मी स्वतः मेणाने बुजवला होता. तेव्हापासून दोरी सोडताना तो खोकायचा, आणि बाबा म्हणायचे, माझाच चेला आहे. जळलेला भोपळा ओरडत नाही. फेरीवाल्याकरवी आलेला निरोप. पांढरा डाग. नीटनेटका गळा. आचारी म्हणे, लाल दोऱ्याचा.

अंगाईचंही कळलं. ते सगळ्यात शेवटी कळलं आणि मी झग्याचं टोक तोंडात कोंबलं.

१७ जून

फिर्मिनोकडे गेले. तो कातडी वाळत घालत होता, त्या मादीचीच. मी विचारलं, तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं ना? त्याने कातडी सोडली नाही.

"तो माझा कोंपाद्रे आहे," तो म्हणाला. "त्याच्याविरुद्ध बोलायला माझं तोंड बाप्तिस्म्याच्या पाण्याने बांधलंय. कुत्रीला सोडा म्हणालो. त्याहून जास्त मला म्हणता येत नव्हतं."

"आणि मी कोण तुमची? ते पाणी माझ्याच पोरीच्या डोक्यावर पडलं होतं."

आणि ती मादी? तेही मी विचारलं. निर्दोष आहे हे माहीत असून गोळी घातलीत? म्हणाला, तुम्ही हात कापतात म्हणालात. म्हणजे मी एक टोमणा मारला आणि या गृहस्थाने त्यासाठी पिल्लांची आई मारली, पण चार खरे शब्द बोलायला याची जीभ उचलेना. नवऱ्याने फसवलं ते फसवलंच. याने गप्प बसून फसवलं. यातलं कोणतं जास्त लागलं, ते मला अजून ठरवता येत नाही.

२० जून

रडून झालं. आता फक्त राग आहे आणि राग बरा, त्याने स्वयंपाक तरी होतो. गुरं घराला लागून असलेल्या कुंपणात घेतली. चोवीस तारखेपर्यंत त्याला आणखी एक जनावर न्यावंच लागणार. तो येणार. येऊ दे.

२२ जून

झोपण्याआधी लिहून टाकते.

आज सूर्य टेकला आणि लव्हाळ्याशेजारच्या ताडांच्या बेटातून हाक सुरू झाली. घर्र घर्र घर्र, खस्स. पिंगाला मी आत कोंडलं. बंदूक मांडीवर घेऊन ओसरीत बसले. त्याला रंगेहाथ धरायचं, त्याच्या तोंडावर काय बोलायचं ते शब्द मी तीन दिवस घोकत होते.

तेवढ्यात उत्तरेकडून दुसरी हाक आली. एकदाच. भरदार, आणि शेवटी खोकला नाही.

त्यानंतर ती हाक पुन्हा आली नाही. बाबांबरोबर उभं राहून मला एवढं कळतं की उत्तर देऊन जो गप्प होतो, तो निघालेला असतो. भोपळ्याच्या घुमण्यात ओझोरियोला काही ऐकूच गेलं नसणार, कारण तो ओढतच राहिला. मेलेल्या मादीला शोधत फिरणाऱ्या नराला तो बोलावत होता. एकटा, पाठ उघडी टाकून.

खरं लिहायचं म्हणून बसलेय, तर खरं लिहिते. मी लगेच उठले नाही. ओसरीत बसून राहिले. किती वेळ, ते लिहिणार नाही. मनात आलं की मला काहीच करायचं नाहीये. मी फक्त बसून राहायचं. उद्या सगळं गाव म्हणेल, बिचारी. कुठल्यातरी शहरात कुठलीतरी बाई कुठल्यातरी मुलाला घेऊन वाट बघत राहील, जशी मी बघायचे. त्या मुलाचा विचार आला तेव्हा मी उठले. उठले याचाही मला राग आहे.

ओझोरियो ताडांमधल्या एका वारुळामागे गुडघ्यांवर बसला होता. तोंड माझ्या घराकडे, भोपळा पोटाशी. दोरी ओढताना खांदे हलत होते. पाठीमागे कमरेएवढं उंच गवत. मी वळसा घालून, आवाज न करता गेले, त्याच्याकडे पाठ केली आणि उभी राहिले. माझ्या पोटऱ्या त्याच्या पाठीला टेकल्या. तो दचकून ओरडला, पण मी वळून पाहिलं नाही. गवत वाऱ्याविरुद्ध हललं होतं. मग नराचं डोकं दिसलं, त्या मादीपेक्षा मोठं, खाली दबलेलं. माझ्याकडे त्याने असं पाहिलं की मला वाटलं, याला माहीत आहे तिला मारायला कोणी लावलं ते. मी नळी उचलली. आधी त्याच्यावर, मग आभाळाकडे. बार काढला. तो वळला आणि गवत त्याच्यामागे मिटत गेलं. माझ्याकडून त्याच्या घरातला आणखी एक जीव जायला नको होता.

मग मी वळले. ओझोरियो वारुळाला चिकटून पडला होता. विजार ओली झाली होती. सदऱ्याला सगळ्या गुंड्या होत्या.

"तू?" तो म्हणाला.

"पाठ उघडी होती तुझी," मी म्हटलं.

घोकलेल्यांपैकी एकही शब्द आला नाही, एवढंच आलं. तो बोलायला लागला. म्हणाला, तुझ्याच भल्यासाठी. मग म्हणाला, फाझेंदावाल्यांनी गळ घातली. मग म्हणाला, मुलगा आहे, दीड वर्षाचा, त्याला छप्पर हवं. मी हात पुढे केला आणि त्याने भोपळा माझ्या हातात दिला. बाबांचं मेण अजून तसंच होतं. मी त्याला सांगितलं, माझ्या पोरीच्या क्रूसाला तू बांधलेली काठी जाताना सोडून घेऊन जा. त्याने सोडली. तिथे मात्र तो रडला, आणि ते रडणं खरं होतं की काय, हे आता मला कोणाच्याच बाबतीत कळणार नाही.

२४ जून

सण. लांब फाझेंदावर होळी पेटलेली दिसते. मुकादम कागद घेऊन आला होता. मी त्याला माते पाजलं आणि सांगितलं की एकही जनावर गेलेलं नाही, तेव्हा शब्दाचा प्रश्न येत नाही. त्याने नवऱ्याची चौकशी केली. मी म्हटलं, तांड्यावर आहे.

फिर्मिनो कुंपणाशी येऊन उभा राहिला होता, टोपी हातात घेऊन. सणाच्या दिवशी कोंपाद्रेला दारातून परत धाडत नाहीत. मी धाडलं.

भोपळा खुंटीवर लावला. पिंगा दोन दिवस लव्हाळ्याच्या तोंडाशी जाऊन बसते, शेपूट हलवते, गुळाची वाट बघते आणि परत येते. तिला कोण सांगणार, आणि काय सांगणार?

आत्ता दिवे लावताना उत्तरेकडून हाक आली. भरदार, खोकल्यावाचून. पिंगाचे कान पडले, शेपूट पायांत गेली आणि ती धडपडत पलंगाखाली घुसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती शहाण्या कुत्रीसारखी घाबरली. मी पलंगाखाली हात घालून तिला जवळ ओढलं. ती थरथरत होती. मग मात्र मला आवरेना. मी तिला धरून रडत बसले, आणि बाहेर तो आपल्या तिला हाका मारत राहिला.